एका डावाचा राजा

दिवाळीत आमच्याकडे फराळाची ताटे उचलली की सतरंजी पसरते आणि पत्त्यांचा जोड निघतो. आधी बच्चेकंपनीसाठी गुलामचोर, मग मेंढीकोट, आणि रात्र चढली की थोरांची रमी. गेल्या दिवाळीत होस्टेलवरून आलेल्या माझ्या भाच्याने या बैठकीत पोकरचे नाव काढले. मित्रांबरोबर काडेपेटीतल्या काड्या लावून तो खेळायला लागला होता. त्याची अडचण अशी की पोकर हा एक खेळ नव्हेच. हातात दोन पत्ते आणि मध्ये पाच सामाईक असा होल्डेम, सात पत्त्यांचा स्टड, हलक्यात हलका हात जिंकतो तो लोबॉल, असे त्याचे कितीतरी प्रकार. नवख्याने त्यातला एकच धरून बसावे, की सगळे थोडे थोडे शिकावेत? मामा रमीतला मुरलेला, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. ताईचा चेहरा मात्र उतरला. काड्यांच्या जागी नोटा यायला कितीसा वेळ लागतो, हाच विचार तिच्या मनात असणार.

मी सरळ उत्तर दिले नाही. स्टू अंगरची गोष्ट सांगायला घेतली.

अंगरचा जन्म १९५३ सालचा, न्यूयॉर्कमधल्या लोअर ईस्ट साइड भागातला. वडिलांचा दारूचा गुत्ता होता आणि पैजा घेण्याचा धंदाही. त्यामुळे मुलाला अक्षरांइतकीच पत्त्यांची ओळख लवकर झाली. तो तेरा-चौदा वर्षांचा असताना वडील गेले, पाठोपाठ आई अर्धांगाने अंथरुणाला खिळली. शाळा सुटली. हाती राहिली ती जिन रमी.

जिन रमी म्हणजे आपल्या रमीची दोघांत खेळायची बहीण. प्रत्येकी दहा पत्ते, आणि समोरच्याने काय उचलले, काय टाकले यावरून त्याच्या हातात काय आहे ते ओळखायचे. शरीराने काडीपहिलवान असलेल्या या पोराची स्मरणशक्ती अचाट होती. दोन-चार पाने पडली की समोरच्याचा हात तो जणू वाचायचा. न्यूयॉर्कमधले नावाजलेले खेळाडू त्याच्यापुढे टिकेनात. आणि इथेच त्याची खरी पंचाईत झाली. ज्याच्याशी खेळले की हरायचेच, त्याच्याशी कोण बसेल? जोडातले शेवटचे पान आधीच बघायची मुभा प्रतिस्पर्ध्याला देऊन तो खेळू लागला, तरीही गिऱ्हाईक मिळेना. एकाच खेळात त्याने एवढी उंची गाठली, की त्या उंचीवर तो एकटाच उरला.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो लास व्हेगासला आला आणि पोकरकडे वळला तो असा, नाइलाजाने. १९८० साली पोकरच्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य डावात त्याने दहा हजार डॉलर भरून भाग घेतला. होल्डेमचा त्याला फारसा अनुभव नव्हता. शेवटी समोर होता डॉइल ब्रन्सन, दोनदा हीच स्पर्धा जिंकलेला कसलेला गडी. सव्वीस वर्षांच्या अंगरने त्याला हरवले. पुढच्या वर्षी पुन्हा तोच विजेता. १९८१ मध्ये लोबॉलच्या एका प्रकारात आणि १९८३ मध्ये स्टडमध्येही त्याने बाजी मारली.

इथवर ऐकून भाचा खुलला. एक खेळ पक्का केला की बाकीचे आपोआप येतात, असा अर्थ त्याने लावला. तो चूक नव्हता. जिनमध्ये अंगर नुसते जिनचे नियम शिकला नव्हता. समोरचा माणूस काय लपवतो आहे, हे ओळखायला शिकला होता. ती शिदोरी सगळीकडे उपयोगी पडली. वरवर दहा खेळ शिकणाऱ्याकडे ती जमत नाही.

पण गोष्ट अजून संपली नव्हती. पत्त्यांत मिळवलेले पैसे अंगर घोड्यांच्या शर्यतींवर, फाशांवर आणि खेळांच्या सामन्यांवरच्या पैजांत घालवी. गोल्फ शिकायला गेला त्या पहिल्याच दिवशी हजारो डॉलर हरला, असे सांगतात. घोडा काही पत्ता टाकत नाही आणि फाशाचा चेहरा वाचता येत नाही. जिथे त्याचे ज्ञान संपत होते, तिथेही तो तेवढ्याच रकमेने, तेवढ्याच ऐटीत खेळत राहिला. त्यात अमली पदार्थांचे व्यसन जडले. १९९० च्या जागतिक स्पर्धेत तिसऱ्या दिवशी तो हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडला. आधी जमवलेल्या चिप्स एवढ्या होत्या की रिकाम्या खुर्चीनेही नववा क्रमांक मिळवला.

१९९७ मध्ये प्रवेशाचे दहा हजारही त्याच्याकडे नव्हते. बिली बॅक्स्टर या मित्राने ते भरले. निळा चष्मा लावून, लेकीचा फोटो जवळ ठेवून अंगर खेळला आणि तिसऱ्यांदा जिंकला. दहा लाख डॉलर मिळाले, त्यातले निम्मे बॅक्स्टरला गेले. उरलेले काही महिन्यांतच संपले. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला तो बसलाच नाही. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी लास व्हेगासच्या एका स्वस्त मोटेलात त्याचा मृतदेह सापडला. वय अवघे ४५. वर्षानुवर्षांच्या व्यसनाने हृदय थकले होते.

सतरंजीवर शांतता पसरली. मग मी भाच्याला माझे उत्तर दिले. नवख्याने एकच प्रकार धरावा, निदान वर्षभर तरी. दुसरा शिकायचा तर पहिला अंगात मुरल्यावर. पण एका खेळातला राजा दुसऱ्या पटावर प्यादेच असतो, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे. आणि व्यसन हा तर आजार. कोणताही प्रकार निवडला तरी त्यावर तो उतारा नव्हे. म्हणून काड्या त्या काड्याच राहू द्याव्यात.

भाच्याने ऐकले की नाही, कोण जाणे. ताईने मात्र पत्ते पिसायला घेतले, तीन गुलाम बाजूला काढले आणि सर्वांना पुन्हा गुलामचोर खेळायला बसवले. डाव संपला तेव्हा उरलेला गुलाम माझ्याच हातात होता.