पोलाद सांधणारा म्हातारा

रस्त्याच्या कडेला कुणी लोखंडी गेटाला वेल्डिंग करत असलं की आपण बरोबरच्या मुलांचे डोळे हाताने झाकतो आणि घाईघाईने पुढे सरकतो. त्या निळ्या उजेडाकडे बघू नये, एवढं आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. त्यामुळे होतं काय, की खिडकीच्या ग्रिलपासून रेल्वेच्या पुलापर्यंत ज्या कामाच्या जिवावर सारं उभं आहे, ते काम आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं. मग त्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसांची नावं तरी कुठून माहीत असणार?

आज अशाच एका माणसाविषयी लिहायचं आहे. त्यांचं नाव येवगेनी पातोन. १९६५ च्या युद्धात आपल्या जवानांनी निकामी केलेल्या पॅटन रणगाड्यांशी या नावाचा काही संबंध नाही. रणगाड्यांशी मात्र या गृहस्थांचा संबंध आला, आणि तो चांगलाच जवळून आला. पण ते पुढे.

पातोन यांचा जन्म १८७० चा, फ्रान्समधल्या नीस या गावचा. वडील तिथे रशियाचे वाणिज्यदूत होते. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला १८९४ मध्ये मुलगा इंजिनिअर झाला. पण रशियात काम करायचं तर तिथली पदवी हवी. तेव्हा हे पुन्हा पीटर्सबर्गला विद्यार्थी म्हणून बसले आणि १८९६ मध्ये दुसरी पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे कीव्हच्या पॉलिटेक्निकमध्ये ते पुलांचे प्राध्यापक झाले. पूल बांधायचे, पुलांवर पुस्तकं लिहायची आणि पूल बांधणारी मुलं तयार करायची, यातच त्यांची पहिली साठ वर्षं गेली म्हणायला हरकत नाही.

त्या काळचे लोखंडी पूल रिव्हेट ठोकून जोडत. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, भोकं पाडायची, लालबुंद तापलेला रिव्हेट घालायचा आणि दुसऱ्या बाजूने ठोकून त्याचं डोकं बसवायचं. एका पुलाला असे हजारो रिव्हेट लागत. भोकांमुळे पत्रा कमजोर होई, म्हणून तो जाड घ्यावा लागे. जाड घेतला की वजन वाढे आणि वजनाबरोबर खर्चही. पातोन यांनी हे सारं आयुष्यभर पाहिलं होतं.

१९२० मध्ये कीव्हमधून माघार घेणाऱ्या पोलिश सैन्याने नीपर नदीवरचा जुना साखळदंडाचा पूल उडवून दिला. उरलेल्या खांबांवर नवा पूल उभारायचं काम पातोन यांच्याकडे आलं. १९२५ मध्ये तो पूल सुरू झाला. पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाला कृतार्थ वाटावं असंच ते काम होतं.

पण १९२९ मध्ये या गृहस्थांनी आपली वाटच बदलली. तेव्हा त्यांचं वय एकोणसाठ. आपल्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकराला शाल-श्रीफळ देतात आणि तो प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब करायला बसतो. पातोन यांनी त्या वयात युक्रेनच्या विज्ञान अकादमीत वेल्डिंगची छोटी प्रयोगशाळा काढली. हा विषय त्यांनाही नवाच होता. १९३४ मध्ये त्या प्रयोगशाळेची संस्था झाली. साठीनंतर माणसाने काय करावं यावर उपदेश पुष्कळ ऐकायला मिळतात. मला त्या सगळ्यांपेक्षा ही एक तारीख जास्त बोलकी वाटते.

वेल्डिंगमध्ये त्यांना खुपत होतं ते हातावरचं अवलंबन. रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यात विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची, तर त्यांच्यातलं अंतर काही मिलिमीटरच राहायला हवं. रॉड वितळून आखूड होत जातो, म्हणून हातही तितक्याच वेगाने खाली यायला हवा आणि त्याच वेळी पुढेही सरकायला हवा. आमच्या सोसायटीत टाकीचा जिना जोडायला आलेल्या एका वेल्डरचं काम मी काळ्या काचेतून पाहिलं होतं. खांद्याच्या पट्ट्याला अडकवून आणलेलं लहानसं मशीन, आणि हात मात्र एखाद्या सतारियासारखा. पण असे हात मोजकेच असतात. हा हात दमला, त्याचं लक्ष चळलं, की जोडात पोकळी राहते आणि ती बाहेरून दिसतही नाही. घराच्या जिन्याला ते चालून जातं, पुलाला कसं चालेल?

पातोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९-४० मध्ये यावर जे यंत्र बसवलं ते शिवणयंत्रासारखं समजावं. रिळावरून दोरा यावा तशी उघडी तार आपोआप खाली येते. जोडावर आधी फ्लक्सची, म्हणजे एक प्रकारच्या खनिज पुडीची रास पडते आणि ठिणगी त्या पुडीखालीच जळते. हवा आत शिरत नाही, उष्णता वाया जात नाही, आणि तो डोळे दिपवणारा निळा उजेडही दिसत नाही. अमेरिकेत ही पद्धत काही वर्षं आधीच निघाली होती. पण पातोन यांच्या माणसांनी आपली पुडी आणि आपलं यंत्र स्वतः शोधून काढलं. १९४० च्या डिसेंबरात सोव्हिएत सरकारने ही पद्धत कारखान्यांत आणायचा हुकूम काढला.

आणि सहा महिन्यांत युद्ध आलं.

संस्था उचलून उरल पर्वताकडे, निझ्नी टागिल गावी नेली गेली. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यात आता टी-३४ रणगाडे बनणार होते. चिलखती पोलाद वेल्डिंगला अवघड, जोडाशेजारी तडे जातात. कुशल वेल्डर पुरेसे नाहीत आणि फ्लक्सही मिळेना. तेव्हा उरलमधल्याच एका लोखंडाच्या भट्टीची मळी फ्लक्स म्हणून वापरण्याची युक्ती निघाली. जी टाकून द्यायची, तिनेच काम भागवलं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. ठिणगीची लांबी कायम ठेवायला यंत्रात किचकट विद्युत-व्यवस्था होती आणि ती वारंवार बिघडे. १९४२ मध्ये पातोन यांचे सहकारी व्लादिमिर द्यातलोव्ह यांच्या लक्षात आलं की तार एकाच ठरावीक वेगाने सोडली तरी ठिणगी आपोआप सावरते. ती लांबली की तार सावकाश वितळते, आखूड झाली की भरभर; अंतर पुन्हा जागेवर येतं. म्हणजे ती सारी गुंतागुंत नकोच होती! यंत्र साधं झालं, दणकट झालं आणि कारखान्यातली पंधरा-सोळा वर्षांची मुलंमुली ते चालवू लागली. मग एका कवचाची एक बाजू हाताने आणि दुसरी यंत्राने जोडून त्यावर तोफा डागल्या. हाताचे जोड फुटले, यंत्राचा जोड टिकला. १९४३ मध्ये त्र्याहत्तर वर्षांच्या पातोन यांना समाजवादी श्रमवीर हा किताब मिळाला.

पण त्यांचा स्वतःचा पूल? १९४१ च्या सप्टेंबरात कीव्ह सोडताना सोव्हिएत सैन्याने नीपरवरचे पूल उडवले. त्यांत १९२५ चा तो पूलही गेला. ज्या खांबांवर एकदा उद्ध्वस्त पूल पुन्हा उभारला, त्याच खांबांवर तो पुन्हा कोसळला. अशा वेळी माणसाच्या मनात काय येत असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

१९४४ मध्ये कीव्हला परतल्यावर त्यांनी पुन्हा पुलाचंच काम हाती घेतलं. नीपरवर दीड किलोमीटर लांबीचा, पूर्ण वेल्डिंगचा, एकही रिव्हेट नसलेला पूल. ही कल्पना तेव्हा धाडसाचीच होती. बेल्जियममधला हासेल्टचा वेल्डिंगचा पूल १९३८ मध्ये कोसळला होता. युद्धकाळात अमेरिकेने भराभर बांधलेल्या मालवाहू जहाजांपैकी काहींना थंडीत तडे गेले होते. वेल्डिंगवर विश्वास ठेवावा का, असा प्रश्न जाणकारही विचारत होते. पातोन यांचं निदान असं की दोष केवळ जोडाचा नव्हे, पोलादाचाही आहे. थंडीत ठिसूळ होणारं पोलाद कितीही चांगलं जोडलं तरी तडकणारच. म्हणून या पुलासाठी वेगळं पोलाद तयार करवून घेतलं गेलं.

दुसरी अडचण होती नदीवरच्या कामाची. कारखान्यात वस्तू यंत्रापाशी आणता येते, नदीवर यंत्रालाच वस्तूपाशी जावं लागतं. संस्थेत त्या वर्षांत वेल्डिंगचे छोटे ट्रॅक्टर तयार झाले. दोन माणसांनी उचलावेत, पत्र्यावर ठेवावेत आणि ते आपल्या चाकांवर चालत जोड घालत जावेत. पुलाच्या जागेवरही मग यंत्राने वेल्डिंग झालं. जिथे काम तिथे जाणारं, कुणाही शिकलेल्या कामगाराच्या हाती टिकणारं यंत्र, यातच मला पातोन यांचं खरं मोठेपण दिसतं. एकाच्या हातातली कला त्यांनी अनेकांच्या हाती दिली.

पूल ५ नोव्हेंबर १९५३ रोजी सुरू झाला. पातोन १२ ऑगस्टलाच गेले होते. अवघे तीन महिने आधी. पुलाला त्यांचं नाव दिलं गेलं.

संस्था त्यांचे चिरंजीव बोरिस यांनी सांभाळली, तीही १९५३ पासून २०२० पर्यंत, आपल्या एकशे एकाव्या वर्षापर्यंत! एप्रिल १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा ज्या साल्युत-७ अंतराळस्थानकात राहून आले, त्याच स्थानकाबाहेर तीन महिन्यांनी स्वेतलाना साविट्स्काया यांनी हातात धरायच्या उपकरणाने वेल्डिंग केलं. ते उपकरणही याच संस्थेचं.

हे सारं इथे संपतं तर बरं झालं असतं. पण २०२२ मध्ये रशियन सैन्य कीव्हच्या वेशीवर आलं तेव्हा त्याच्या रणगाड्यांत टागिलच्या त्याच कारखान्यात तयार झालेलेही होते. ज्या गावात म्हाताऱ्याने कीव्ह परत मिळावं म्हणून पोलाद सांधलं, त्याच गावचं पोलाद कीव्हवर चालून आलं. विद्या कुणाच्या हाती पडेल, हे ती देणाऱ्याच्या हाती राहत नाही. दणकट आणि सोपं यंत्र सगळ्यांचंच काम करतं. पूल बांधणाऱ्याचं आणि पूल तोडणाऱ्याचंही.

तरी पातोन यांचा हिशेब करताना मी तो पुलाच्या बाजूनेच मांडतो. आता तो सत्तरी ओलांडून गेला आहे, वाहतुकीच्या ओझ्याने थकला आहे आणि त्याची मोठी दुरुस्ती व्हायला हवी हे तिथले इंजिनिअर किती वर्षं सांगत आहेत. पण जिथे जोड आधी तुटेल अशी जाणत्यांना भीती होती, तिथून तो तुटलेला नाही.