विश्लेषण : लैंगिक शिक्षणासाठी र. धों. कर्वेंना नोकरी का गमवावी लागली?

लैंगिक शोषण कसे ओळखावे, नको असलेल्या स्पर्शाला किंवा जबरदस्तीला नकार कसा द्यावा, हे शाळेत शिकवायचे की ते पालकांवर सोडायचे? २००७ मध्ये राजकीय विरोधानंतर महाराष्ट्रात शाळांमधले लैंगिक शिक्षण थांबवले गेले. पण हा वाद त्याहून बराच जुना आहे.

कोण होते कर्वे?
महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले.

नोकरी का गेली?
१९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. ते तेव्हा मिशनरी मंडळींच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. व्यवस्थापनाला हे काम खटकले. कर्वेंनी काम सोडले नाही, १९२५ मध्ये नोकरी सोडली.

खटले कशासाठी?
जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. घरात किंवा डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, असे प्रश्न वाचक पत्राने विचारत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. स्त्रीचा तिच्या शरीरावर हक्क आहे, ही त्यांची ठाम भूमिका होती. अश्लीलतेच्या आरोपाखाली १९३१ मध्ये त्यांना दंड झाला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. लैंगिक प्रश्नाला दिलेले उत्तर केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, असा बचाव होता. तरीही २०० रुपये दंड झाला.

शेवटपर्यंत काय केले?
पत्नी मालतीबाईंच्या साथीने त्यांनी मासिक तब्बल २६ वर्षे चालवले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे गेले आणि पुढच्याच महिन्यात मासिकही बंद पडले.

आजच्या वादाशी संबंध काय?
कोणत्या वयात, कोणत्या भाषेत, कोण शिकवणार, हे विचारण्याचा पालकांना हक्क आहेच. मात्र शोषण करणारा अनेकदा ओळखीचा, कधी घरातलाच असतो. तेव्हा सगळे घरावर सोडले तर मूल विचारणार कोणाला? २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम ४३ मुले आणि पालक, दोघांनाही या कायद्याची माहिती देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. म्हणजे पालकांना वगळायचे नाही आणि मुलांना अंधारात ठेवायचे नाही.