रॉयल गूल्ड वायल्डर

रॉयल गूल्ड वायल्डर (२७ ऑक्टोबर १८१६ – १० ऑक्टोबर १८८७) हे कोल्हापुरात कार्य केलेले अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी होते. १८५२ मध्ये त्यांनी तेथे मिशनचे केंद्र सुरू केले. शहरातील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वायल्डर यांचा जन्म अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ब्रिडपोर्ट येथे झाला. मिडलबरी महाविद्यालय व अँडोव्हर येथील धर्मशास्त्र विद्यालयातील शिक्षणानंतर १८४६ मध्ये अमेरिकन बोर्ड या संस्थेने त्यांना पत्नी एलायझा यांच्यासह अहमदनगरला पाठविले. तेथे सहा वर्षे काम केल्यावर ते कोल्हापुरात आले.

१८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर कोल्हापूर संस्थानाचा कारभार कंपनी सरकारच्या देखरेखीखाली होता. अंबाबाईच्या या क्षेत्री परधर्माच्या उपदेशकाला श्रोते मिळणे कठीण होते. वायल्डर यांनी उपदेशाच्या जोडीला मराठी शाळा काढल्या.

शाळांचा वाद

याच शाळांमुळे त्यांचे बोर्डाशी बिनसले. बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात आले. शाळांवरील खर्च कमी करून उपदेश व स्थानिक मंडळ्यांवर भर द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागे केवळ काटकसर नव्हती. परदेशी पैशावर पोसलेली मंडळी स्वावलंबी होणार नाही, हे त्यांचे मत होते. कोल्हापुरात मात्र मंडळी अगदीच लहान होती आणि शाळा हाच लोकांशी संबंधाचा मुख्य धागा होता. वायल्डर यांनी हे धोरण मान्य केले नाही.

प्रकृतीमुळे १८५७ मध्ये ते मायदेशी गेले. पुढे बोर्डाने कोल्हापूरचे काम सोडून दिले व त्यांना परत पाठविण्यास नकार दिला. वायल्डर यांनी १८६१ मध्ये मिशन शाळांविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते स्वतंत्रपणे कोल्हापूरला परतले. त्यानंतरची सुमारे नऊ वर्षे काम देणग्यांवर चालले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले असताना तिकडून पैसा मिळविणे सोपे नव्हते. अखेर १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने हे मिशन आपल्याकडे घेतले. पन्हाळा, सांगली, मिरज येथील या बोर्डाचे नंतरचे काम कोल्हापूरपासूनच विस्तारले.

उत्तरायुष्य

भारतातून परतल्यावर वायल्डर प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. १८७८ मध्ये त्यांनी मिशनकार्याची परखड चिकित्सा करणारे एक नियतकालिक सुरू केले व अखेरपर्यंत त्याचे संपादन केले. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

१८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले त्यांचे पुत्र रॉबर्ट अमेरिकेतील विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या संस्थापकांपैकी एक होते. पतीच्या मृत्यूनंतर एलायझा व कन्या ग्रेस कोल्हापूर परिसरात पुन्हा कामाला आल्या.