विल्यम विल्बरफोर्स यांचा रविवार

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, किनाऱ्यालगतच्या गावांतून पूर्वी तेलाचे घाणे चालविणारी बेने इस्राएल मंडळी राहत असत. शनिवारी ते घाणा जुंपीत नसत, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शेजाऱ्यांना त्यांचा धर्म कोणता हे नीट ठाऊक नव्हते. परंतु आठवड्यातून एक दिवस हे लोक बैलालाही विसावा देतात, एवढे त्यांनी पाहिले आणि त्यावरूनच नाव दिले. हा शनिवार म्हणजे यहुदी लोकांचा शब्बाथ. ईश्वराने मोशेला ज्या दहा आज्ञा दिल्या अशी त्यांची श्रद्धा आहे, त्यांतील एक या दिवसाविषयी आहे. सहा दिवस काम करावे, सातवा दिवस देवाचा मानावा. त्या दिवशी स्वतः काम करू नये, मुलाबाळांकडून करवू नये, दासदासींकडून नाही, गुराढोरांकडून नाही, वेशीच्या आत उतरलेल्या परक्याकडूनही नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू न ठेवणाऱ्या आपल्या शेतकरी कुटुंबांना या आज्ञेतील मर्म वेगळे समजावून सांगावयास नको.

येशू ख्रिस्ताचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले, या श्रद्धेने ख्रिस्ती लोकांनी हा पवित्र दिवस रविवारी पाळावयास आरंभ केला. नाताळ वर्षातून एकदा येतो. त्याचा थाटमाट, दिव्यांची आरास, गोडधोड आपण सारेच पाहतो. रविवारचे हे व्रत मात्र वर्षातून बावन्न वेळा येते, गाजावाजा न करता येते, आणि म्हणूनच ते पाळणे अधिक कठीण आहे. हे व्रत ज्यांनी अखंड उद्योगाच्या धबडग्यात सुमारे अर्धे शतक निष्ठेने सांभाळले, त्या विल्यम विल्बरफोर्स यांचे चरित्र आजच्या सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील हल या बंदरात, एका सधन व्यापाऱ्याच्या घरी, २४ ऑगस्ट १७५९ रोजी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी पितृछत्र हरपले आणि काही काळ ते विम्बल्डन येथे काका-काकूंच्या घरी वाढले. काकू भाविक होत्या. मुलगा फारच धर्माकडे झुकतो आहे असे दिसताच आईने त्याला घरी परत आणले! पुढे केंब्रिजचे शिक्षण, गोड गळा, हजरजबाबी बोलणे, हाताशी पैसा, लंडनच्या क्लबांतून रात्री रात्री चालणारे पत्त्यांचे डाव, असे त्यांचे तारुण्य गेले. १७८० मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते पार्लमेंटात निवडून आले. त्यांचे जिवलग मित्र विल्यम पिट हे १७८३ च्या डिसेंबरात अवघ्या चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाले. सत्तेचे दार मित्राच्याच हाती असल्यावर महत्त्वाकांक्षी तरुणाला आणखी काय हवे?

परंतु १७८४-८५ साली युरोपच्या प्रवासात आयझॅक मिल्नर या विद्वान सोबत्याच्या सहवासात काही धर्मग्रंथ त्यांच्या वाचनात आले आणि मनाची सारी घडी विस्कटली. राजकारण सोडून द्यावे की काय, अशा विवंचनेत ते १७८५ च्या डिसेंबरात जॉन न्यूटन या वृद्ध धर्मोपदेशकाच्या भेटीस गेले. कोणी पाहील या संकोचाने दार ठोठावण्यापूर्वी त्यांनी त्या चौकात फेऱ्या घातल्या. हे न्यूटन एके काळी गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचे कप्तान होते. पुढे पश्चात्तापाने पोळून निघाले. त्यांनी या तरुणाला संन्यास दिला नाही. जेथे आहेस तेथेच राहून देवाचे काम कर, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय होता. घरप्रपंच न सोडता हरी जोडावा, ही आपल्या संतांची शिकवण ज्यांच्या कानी आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

दोन वर्षांनी, २८ ऑक्टोबर १७८७ रोजी, त्यांनी आपल्या दैनंदिनीत जीवनाची दोन उद्दिष्टे नमूद केली : गुलामांचा व्यापार बंद पाडणे आणि देशातील आचार-विचार सुधारणे. तो दिवस रविवार होता.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे विकत घेऊन, साखळदंडांनी जखडून, जहाजाच्या तळघरात दाटीवाटीने भरून वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर न्यावयाची, असा हा व्यापार. लिव्हरपूल, ब्रिस्टल यांसारख्या बंदरांची श्रीमंती त्यावर पोसलेली होती. टॉमस क्लार्कसन यांनी बंदरोबंदर हिंडून पुरावा गोळा केला. विल्बरफोर्स यांनी १२ मे १७८९ रोजी साडेतीन तास भाषण करून तो पार्लमेंटापुढे मांडला. १७९१ मध्ये ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडला. १७९६ मध्ये तो केवळ चार मतांनी पडला, आणि त्या रात्री त्यांच्या बाजूचे काही सभासद नवे संगीत नाटक पाहावयास गेले होते! असे वर्षामागून वर्ष चालले.

एवढा व्याप, आणि देहाची साथ मुळीच नाही. आतड्याच्या विकाराने १७८८ मध्ये ते मरणाच्या दारी जाऊन आले. वैद्यांनी दिलेली अफू औषध म्हणून जन्मभर घ्यावी लागली. दृष्टी अधू, पुढे पाठीचा कणाही वाकला. घरी सकाळपासून अर्जदार, धर्मोपदेशक, दानासाठी आलेले गरीब, परगण्यातील मतदार यांची रीघ. अशा माणसाने रविवारी मात्र राजकारणाचे दप्तर बांधून ठेवावयाचे, हा निश्चय केला आणि पाळला. सकाळी प्रार्थनामंदिर, मग धर्मग्रंथाचे वाचन, आत्मपरीक्षण, बायको-मुलांबरोबर बागेत फिरणे, जिवाभावाच्या मित्रांशी भाषण, असा तो दिवस जाई. १७९७ मध्ये बार्बरा स्पूनर यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्यांना सहा मुले झाली. त्या काळी पुष्कळ धार्मिक इंग्रज घरांतून रविवार म्हणजे मुलांना शिक्षाच असे. विल्बरफोर्स यांच्या घरी तसे नव्हते. आठवड्यातील सर्वांत आनंदाचा दिवस तोच असावा, यावर त्यांचा कटाक्ष होता.

येथे एक शंका मनात उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. ज्या रविवारी ते बागेत मुलांना घेऊन फिरत होते, त्या रविवारीही जहाजे समुद्रावर होतीच. त्यांच्या तळघरांत माणसे गुदमरत होतीच. अशा वेळी विसावा घेण्याचा अधिकार कोणाला पोचतो? याचे उत्तर त्यांच्या आयुष्यातील एका आठवड्यात सापडते. १८०१ च्या फेब्रुवारीत पिट यांनी राजीनामा दिला आणि ॲडिंग्टन यांचे मंत्रिमंडळ बनू लागले. आपणांस पद मिळेल का, या विचाराने विल्बरफोर्स यांचे चित्त डळमळले. मंत्री व्हावयाचे म्हणजे मंत्रिमंडळाशी जुळवून घ्यावयाचे, आणि मग गुलामांचा कैवार मागे पडावयाचा, हे उघड होते. तो आठवडा मोठ्या तगमगीत गेला. मग रविवार आला. प्रार्थनेत आणि एकांतात तो घालविल्यावर त्यांनी दैनंदिनीत कृतज्ञतेने लिहिले की, या दिवशी ऐहिक गोष्टी आपल्या खऱ्या आकाराच्या दिसू लागतात व महत्त्वाकांक्षा खुरटते. ते मंत्री झाले नाहीत. कधीच झाले नाहीत. वीस वर्षे एकाच कामाला चिकटून राहण्याचे बळ सहा दिवसांच्या धावपळीतून आले नसते. ते सातव्या दिवशी मिळत होते.

या निष्ठेला दुसरी बाजूही आहे. २७ मे १७९८ रोजी खुद्द पंतप्रधान पिट यांनी विरोधी पक्षाच्या टिअर्नी यांच्याशी पिस्तुलांचे द्वंद्व खेळले. तो रविवार होता, त्यातही पेंटेकॉस्टच्या सणाचा. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. विल्बरफोर्स अत्यंत व्यथित झाले व द्वंद्वाच्या प्रथेविरुद्ध ठराव आणावयास निघाले. मित्राने गळ घातल्यामुळे त्यांना तो आवरता घ्यावा लागला. नागरी सैन्याच्या रविवारच्या कवायतीलाही त्यांनी विरोध केला. पार्लमेंटचे अधिवेशन सोमवारी सुरू झाल्यास सभासदांना रविवारी प्रवास करावा लागेल, हे त्यांनी पुढे पंतप्रधान झालेल्या स्पेन्सर पर्सिव्हल यांच्या लक्षात आणून दिले आणि तो दिवस बदलून घेतला. १७९९ मध्ये रविवारची वर्तमानपत्रे कायद्याने बंद करण्याच्या विधेयकालाही त्यांचा पाठिंबा होता, ते फसले. त्यांचे चालले असते तर वाचकांच्या आवडीची रविवारची पुरवणी निघालीच नसती! लोकांचे दुराचार बंद करण्यासाठी निघालेल्या त्या काळच्या मंडळींवर सिडनी स्मिथ या विनोदी धर्मगुरूने टीका केली की, यांची दृष्टी फक्त गरिबांच्या दोषांवर असते. त्या टीकेत तथ्य होते. श्रीमंताला करमणुकीसाठी आपला दिवाणखाना होता. मजुराला रविवारची मोकळी दुपार आणि गुत्ता एवढेच. स्वतःसाठी घेतलेले व्रत दुसऱ्यावर लादले की त्याची सजा होते, हे विल्बरफोर्स यांना पुरते उमगले होते असे वाटत नाही.

हिंदुस्थानविषयीही हेच म्हणावे लागते. १८१३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची सनद नवी होताना मिशनऱ्यांना येथे येण्याची मोकळीक मिळावी म्हणून त्यांनी जोरदार प्रयत्न केले आणि त्या भरात हिंदू धर्माविषयी कठोर व एकांगी भाषा वापरली. ते या देशात कधी आले नव्हते. येथील नामसंकीर्तन त्यांनी ऐकले नव्हते. त्याच वर्षी मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचे बस्तान पुढे बसले, आणि त्यांच्याच मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ज्ञानोदय सुरू केला. त्या पत्राशी पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा संबंध आला. ख्रिस्ताची भक्ती अभंगात गाणारे टिळक विल्बरफोर्स यांना भेटते, तर त्यांचे मत काय झाले असते कोण जाणे!

ज्या गुलामांसाठी ते झगडत होते, त्यांचा रविवार कसा होता? सहा दिवस मालकाच्या उसात राबावयाचे आणि सातव्या दिवशी आपल्या तुकड्यावर खपून स्वतःच्या पोटापुरते पिकवावयाचे, उरलेसुरले बाजारात विकावयाचे. देवाचा दिवस हाच तेथे बाजारचा दिवस. दासदासींनाही विसावा मिळावा ही आज्ञा रविवारी प्रार्थनामंदिरात ऐकणाऱ्या इंग्लंडच्या मळेवाल्यांच्या ध्यानात हे येत नव्हते. बायबलातील अनुवाद या पुस्तकात तर या आज्ञेचे कारणच असे दिले आहे की, तुम्ही स्वतः एके काळी मिसर देशात गुलाम होतात हे विसरू नका. १८२३ मध्ये गुलामांची बाजू मांडण्यासाठी विल्बरफोर्स यांनी जे पुस्तक लिहिले, त्यात या हिरावून घेतलेल्या रविवाराचीही तक्रार आहे. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी अशीच झुंज दिली व १० जून १८९० रोजी त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. त्यांच्या युक्तिवादात रविवार हा खंडोबाचा वार हेही एक कारण होते, असे सांगतात.

२३ फेब्रुवारी १८०७ च्या रात्री गुलामांच्या व्यापाराला बंदी करणारे विधेयक २८३ विरुद्ध १६ मतांनी संमत होण्याच्या मार्गाला लागले. त्या वेळी सर सॅम्युअल रॉमिली यांनी दोन माणसांची तुलना केली : सम्राटपदी पोचूनही रात्री ज्याला रक्ताच्या आठवणी छळतील तो नेपोलियन, आणि आज घरी जाऊन निष्कलंक मनाने निद्रेच्या स्वाधीन होणारे विल्बरफोर्स. सभागृह उठून जयघोष करू लागले. विल्बरफोर्स मान खाली घालून रडत होते. पुढे अकरा वर्षांनी, पत्नीच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी, याच रॉमिली यांनी आत्महत्या केली. १८१५ मध्ये व्हिटब्रेड यांनी, १८२२ मध्ये परराष्ट्रमंत्री कॅसलरे यांनीही आपला अंत करून घेतला. विल्बरफोर्स यांना फार दुःख झाले. या मित्रांनी आठवड्यातून एक दिवस मनाची तार सैल सोडली असती तर ती तुटली नसती, असे त्यांना राहून राहून वाटे. रॉमिली यांच्या बाबतीत हा निवाडा थोडा घाईचा वाटतो. प्रिय पत्नीच्या वियोगाने फाटलेले काळीज केवळ सुटीच्या दिवसाने सांधले जाते असे नाही. तथापि एवढ्या कामाचे, एवढ्या निंदेचे, एवढ्या आजाराचे ओझे वाहून स्वतः विल्बरफोर्स वृद्धपणी प्रसन्न राहिले, हे सर्वांनीच पाहिले.

१८२५ मध्ये ते पार्लमेंटातून निवृत्त झाले. थोरल्या मुलाचा दुधाचा धंदा बुडाला आणि कर्ज फेडण्यात बापाची बहुतेक संपत्ती गेली. सत्तरी ओलांडल्यावर स्वतःचे घर सोडून धर्मोपदेशक झालेल्या दोन मुलांकडे आळीपाळीने राहण्याची पाळी आली. त्यांनी ती कुरकूर न करता स्वीकारली. व्यापार बंद झाला तरी गुलामगिरी चालूच होती. ती उठविणारे विधेयक आता निश्चित संमत होणार, ही वार्ता २६ जुलै १८३३ रोजी, शुक्रवारी, लंडनमध्ये अंथरुणाला खिळलेल्या विल्बरफोर्स यांना कळली. मळेवाल्यांना भरपाईदाखल दोन कोटी पौंड देण्याचे ठरले होते. गुलामांना काहीच नव्हते. कंपनीचा हिंदुस्थानही त्या कायद्यातून वगळला होता. येथे तो दिवस १८४३ मध्ये उजाडला. पण वृद्धाने देवाचे आभार मानले.

शनिवार गेला. रविवार, २८ जुलै, घरातील माणसांच्या सोबतीत सरला. प्रकृती ढासळत गेली आणि मध्यरात्र उलटून सोमवार लागल्यावर, पहाटे तीनच्या सुमारास, त्यांनी देह ठेवला.