नाथांचा अपराध कोणता ?

फाल्गुन वद्य षष्ठीस पैठणच्या वाळवंटी दिंड्यांची दाटी होते. ज्या गावाने एकदा नाथांच्या घरचे पान नाकारले, त्याच गावी नाथांच्या नावाने पंक्ती उठतात. तेव्हा तो कोप कशाचा होता, याचा थोडा विचार आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

श्रीएकनाथमहाराजांचा जन्म शके १४५५ च्या (इ. स. १५३३) सुमारास पैठणास झाला, असे मानतात. भानुदासमहाराज त्यांचे पणजोबा. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनीच पंढरीस परत आणली, अशी आपणां सर्वांची श्रद्धा. आईबाप लवकर गेले. आजोबा चक्रपाणी यांनी वाढविले. पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींची सेवा घडली, गुरुकृपा झाली, आणि नाथ पैठणास येऊन गिरिजाबाईंसह संसार करू लागले. कुळ, विद्या, आचार, कशातच उणे नाही. पैठण तर शास्त्रनिर्णयाचे गाव. असा पुरुष म्हणजे गावाचे भूषणच की ! आणि नेमके इथेच सारे अडले.

महिपतीबुवांनी गायिलेली श्राद्धाची कथा सर्वांस ठाऊक आहे. नाथांच्या घरी पितरांचा स्वयंपाक चालला होता. वाटेने जाणाऱ्या महार मंडळींना तो वास आला, पोरेबाळे भुकेली. नाथ-गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांनाच वाढले आणि ब्राह्मणांसाठी नव्याने चूल पेटविली. गाव उठले ! निमंत्रित जेवायला येईनात. तेव्हा म्हणे प्रत्यक्ष पितरच पानांवर येऊन बसले. असेच एकदा गोदेच्या तापल्या वाळूत रडणारे महाराचे पोर नाथांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोचते केले.

आता बघा, मंडळी. भुकेल्याला घास देणे हे पुण्य, हे पैठणचे शास्त्रीही सांगत होते. तोच घास एखाद्या परगावच्या सावकाराने दिला असता, तर सभा भरली असती काय ? कोणी पाहिलेही नसते. परक्याने केले तर ती त्याची रीत. आपल्याने केले तर तो घरभेद. नाथ भानुदासांच्या कुळातले म्हणूनच त्यांचा अपराध मोठा ठरला. कृतीचे माप बाजूला राहिले, आणि आपल्या पंक्तीचे काय होईल या धास्तीने न्याय केला. ही माणसे दुष्ट होती असे आम्ही म्हणणार नाही. एकाने रेघ ओलांडली की उद्या दहा ओलांडतील, हे भय त्यांना खरेच वाटत होते. पण भय खरे असले म्हणून निवाडा खरा ठरत नाही.

नाथांनी काय केले ? गाव सोडले नाही, गावावर रागही धरला नाही. प्रायश्चित्त सांगितले, त्यास मान लवविली. मात्र घास देणे थांबविले नाही ! पुढे त्र्यंबकेश्वराहून एक कुष्ठी ब्राह्मण पैठणास आला. त्या महाराच्या पोरास वाचविल्याचे पुण्य नाथांनी दिल्यास रोग जाईल, असा त्यास दृष्टांत झाला होता. नाथांनी ते दिले आणि तो बरा झाला, अशी कथा आहे. ज्या कर्माला गावाने पाप म्हटले, त्याच्याच दारी पुण्य मागणारा आला, आणि तोही त्यांच्यातलाच.

भागवताचेही तेच. एकादश स्कंधावरील मराठी टीका शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशीस पुरी झाली. संस्कृतातले धन मराठीत उघडे केले म्हणून तेथील पंडित आधी कोपले, मग त्यांनीच ग्रंथाचा गौरव केला, असे चरित्रकार सांगतात.

सर्वांत कठीण घाव मात्र घरातला. पुत्र हरिपंडित विद्वान. बापाचे मराठी पुराण आणि परान्न त्यांना सोसेना. रुसून काशीस गेले. नाथ स्वतः समजूत घालायला गेले आणि दोन्ही सोडण्याची अट मानून मुलास घरी आणले. पुराण हरिपंडित सांगू लागले, पण श्रोते ओसरले. मग सहस्रभोजनाचा संकल्प राहिलेल्या एका गरीब बाईने नाथांस एकट्यास जेवायला बोलाविले. स्वयंपाक हरिपंडितांनीच केला. जेवण झाल्यावर उष्टी पत्रावळ उचलावी तर खाली दुसरी, अशा हजार निघाल्या म्हणे. मुलाने पाय धरले. शके १५२१ (इ. स. १५९९) मध्ये षष्ठीसच नाथांनी गोदावरीत देह ठेवला.

पैठणकरांना हसणे सोपे आहे. पण आपल्या पंढरीचे काय ? चोखोबांचे अभंग टाळ्या वाजवून म्हणणाऱ्यांतूनच, चोखोबांच्या जातभाईंना देवळात घेऊ नये असे म्हणणारेही निघाले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. गुरुजींनाही धर्म बुडविणारा म्हणणारे आपल्यातच होते.

आजही फडात, दिंडीत, गावच्या सप्ताहात हेच होते. आपल्या फडकऱ्याची चूक झाकायची, दुसऱ्याची वेशीवर टांगायची. आणि आपल्यातला कोणी वेगळे वागला तर त्याच्यावर सर्वांआधी तुटून पडायचे. कोणास दोष देण्याआधी त्या कर्मावरचे नाव पुसून पाहावे. परक्याचे, आपले, दोन्ही नावे लावून निवाडा तोच राहिला, तर तो न्याय. बदलला, तर ती केवळ पंक्तीची राखण. नाथषष्ठीस एवढे जरी जमले, तरी वारी घडली असे आम्ही समजू.