डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव : पदवी मिळाली, पण नोकरी?

तुमच्या ओळखीत कुणाचा तरी दादा नाहीतर ताई परदेशात शिकत असेल. पदवी हातात पडली की त्यांची खरी धावपळ सुरू होते, ती नोकरीची. आज तिकडच्या विद्यापीठांत त्यासाठी वेगळं कार्यालय असतं. अर्ज लिहायला शिकवतात, मुलाखतीची तयारी करून घेतात, व्हिसाचे नियम समजावतात. सुब्बारावांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही.

त्यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरमचा. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते खादी घालून जात. शल्यचिकित्सेच्या इंग्रज प्राध्यापकांना ते खटकलं आणि एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही कमी दर्जाची पदवी मिळाली. बघा, एका सदऱ्याची किंमत किती! काही काळ त्यांनी आयुर्वेद महाविद्यालयात शिकवलं. मग सासऱ्यांच्या मदतीने १९२३ च्या ऑक्टोबरात ते बोस्टनला पोहोचले. पत्नी शेषगिरी मागे राहिली.

हार्वर्डमध्ये उष्ण प्रदेशातील रोगांचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. पण आपल्याकडच्या पदवीवर तिथे डॉक्टरकी करता येत नव्हती. पोट तर भरायला हवं! म्हणून त्यांनी एका रुग्णालयात रात्रपाळीला हमालाचं काम धरलं. रुग्णांची मलमूत्राची भांडी धुवायची, आणि दिवसा प्रयोगशाळेत जायचं. विचार करा, शिकलेला डॉक्टर हा.

पुढे जीवरसायनशास्त्र विभागात त्यांना जागा मिळाली. सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी रक्तातला फॉस्फरस मोजण्याची पद्धत काढली (१९२५). ती आजही त्या दोघांच्याच नावाने ओळखली जाते. स्नायूंना ऊर्जा कुठून मिळते, यावरचं त्यांचं कामही गाजलं. १९३० साली पीएच.डी. झाली. तरी हार्वर्डने कायमची नेमणूक दिली नाही ती नाहीच. त्या काळी कायद्यानेच भारतीयांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळत नसे, ही दारं १९४६ साली उघडली. मला वाटतं, इतकं काम करूनही दहा वर्षं कच्च्या नोकरीत काढणं हे भांडी धुण्यापेक्षा जड गेलं असेल.

शेवटी १९४० साली ते लेडर्ले या औषध कंपनीत गेले. तिथे संशोधनाची सगळी सूत्रं त्यांच्याकडे आली आणि कामाला जणू पूर आला. फॉलिक अॅसिड प्रयोगशाळेत तयार झालं. गरोदर बायांना आशाताई ज्या लाल गोळ्या देतात ना, त्यात लोहासोबत तेच असतं. रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांसाठी डॉ. सिडनी फार्बर यांनी जे औषध वापरलं, तेही त्यांच्याच गटाने पुरवलेलं. हत्तीरोगाची डीईसी गोळीही तिथलीच. विदर्भातल्या मुलांनी ती आरोग्यसेविकेसमोर गिळली असेल!

ऑगस्ट १९४८ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, झोपेतच त्यांचं निधन झालं. २५ वर्षांत ते एकदाही भारतात परतले नव्हते. शेषगिरीबाईंची आणि त्यांची पुन्हा भेट झालीच नाही.