विश्लेषण : ड्रममागून माइकपुढे आणलेली कॅरन… ‘कार्पेंटर्स’च्या गायिकेचा अंत इतक्या लवकर का झाला?

‘क्लोज टू यू’, ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’, ‘येस्टरडे वन्स मोअर’ ही गाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना कॅरन कार्पेंटरचा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. भाऊ रिचर्ड आणि बहीण कॅरन यांचा ‘कार्पेंटर्स’ हा बॅण्ड १९७० च्या दशकातील अमेरिकी पॉप संगीतात सर्वाधिक यशस्वी ठरलेल्यांपैकी एक. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी कॅरन गेली आणि ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे आजाराचे नाव पहिल्यांदाच सर्वसामान्य घरांत पोहोचले. त्यामुळे तिची कहाणी बहुतेक वेळा शेवटाकडूनच सांगितली जाते. पण कॅरन आधी ड्रमवादक होती, गायिका नंतर झाली. हा क्रम लक्षात घेतला नाही, तर पुढचे बरेच काही निसटते.

ड्रमशी गाठ कशी पडली?

कॅरनचा जन्म २ मार्च १९५० चा, अमेरिकेच्या पूर्वेकडील कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवनचा. रिचर्ड तिच्याहून साडेतीन वर्षांनी मोठा. पियानोवर त्याचा हात लहानपणीच बसला होता आणि घरातला कलाकार तोच, हे जणू ठरून गेले होते. १९६३ मध्ये कार्पेंटर कुटुंबाने कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळच्या डाउनी येथे बिऱ्हाड हलवले. त्यामागे रिचर्डच्या संगीताला वाव मिळावा हे एक मोठे कारण होते. कॅरनला तेव्हा बेसबॉलची आवड होती.

डाउनीच्या शाळेत व्यायामाचा तास चुकवण्यासाठी तिने शाळेच्या बॅण्डमध्ये नाव घातले. तिथे तिच्या हाती आले ग्लॉकेनश्पील, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर छोट्या हातोडीने वाजवायचे वाद्य. त्यात तिचे मन रमेना. शेजारी ड्रम वाजवणाऱ्या मुलांकडे तिचे लक्ष लागलेले असे. मुलींनी ड्रम वाजवायचे नसतात, असे मानण्याचा तो काळ होता. तिने मात्र हट्टाने काठ्या हातात घेतल्या आणि थोड्याच काळात घरी लुडविग कंपनीचा ड्रमसंच आला. जो मोरेलो आणि बडी रिच हे जॅझमधले ड्रमवादक तिचे आदर्श. मोरेलोचे नाव ज्या ‘टेक फाइव्ह’शी जोडले गेले आहे, ती रचना पाच मात्रांची. चार मात्रांच्या सरळ ठेक्यावर वाढलेल्या पॉप वादकांना ती सहज पेलत नाही. कॅरन किशोरवयातच असल्या तालांशी खेळू लागली होती.

जून १९६६ मध्ये ‘रिचर्ड कार्पेंटर ट्रायो’ने हॉलिवूड बोल येथील बॅण्डस्पर्धा जिंकली. पियानोवर रिचर्ड, ट्यूबा आणि बासवर वेस जेकब्ज, ड्रमवर १६ वर्षांची कॅरन. संगीत होते जॅझ. त्यात कोणी गात नव्हते.

मग गाणे कुठून आले?

त्याच वर्षी बासवादक जो ऑस्बर्न याच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत तिच्या आवाजाची चाचणी झाली. ऑस्बर्नच्या छोट्या कंपनीने तिच्या नावाने एक तबकडीही काढली, जेमतेम ५०० प्रतींची. ती कोणाच्या लक्षात राहिली नाही, पण माइकजवळ हळू आवाजात गाणाऱ्या या मुलीकडे काहीतरी वेगळे आहे, हे ऑस्बर्नने ओळखले होते. लाँग बीचच्या महाविद्यालयात वृंदगायन शिकवणारे फ्रँक पूलर यांनी दोघा भावंडांना आवाजांची गुंफण शिकवली. अनेक कंपन्यांचे नकार पचवल्यानंतर एप्रिल १९६९ मध्ये ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्ट यांच्या ‘ए अ‍ॅण्ड एम’ कंपनीने त्यांना करारबद्ध केले. कॅरन १९ वर्षांची होती. कायद्याने अज्ञान असल्याने करारावर आईवडिलांच्याही सह्या लागल्या.

पहिला अल्बम पडला. पुढच्याच वर्षी अल्पर्टने बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड यांचे एक जुने गाणे सुचवले. इतरांनी ते आधी गायले होते, पण गाजले नव्हते. रिचर्डने त्याची मांडणी नव्याने केली. जुलै १९७० मध्ये ‘क्लोज टू यू’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि चार आठवडे तिथेच राहिले. त्यापाठोपाठचे ‘वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन’ तर एका बँकेच्या जाहिरातीसाठी रचलेले गाणे. रिचर्डने ते दूरचित्रवाणीवर ऐकले आणि पूर्ण गाणे करायचे ठरवले. १९७१ मध्ये दोन ग्रॅमी मिळाले, त्यात सर्वोत्तम नवोदित कलाकाराचाही होता.

तिच्या आवाजात एवढे काय होते?

पॉप गायिका भाव दाखवायचा तर आवाज वर चढवतात. कॅरन उलट खाली उतरे. तिचा आवाज खर्जाकडे झुकणारा, आणि सगळ्यात श्रीमंत तिथेच. रिचर्डने हे हेरले आणि गाण्यांच्या पट्ट्या तिच्यासाठी मुद्दाम खाली ठेवल्या. माइकच्या अगदी जवळ उभे राहून, जोर न लावता ती गाई. त्यामुळे ऐकणाऱ्याला ती आपल्याशीच बोलते आहे असे वाटे. दुसरी गोष्ट तालाची. शब्द ठेक्यावर नेमका न टाकता किंचित मागे ठेवायचा आणि तरीही लय सुटू द्यायची नाही, हे ड्रमवर घडलेल्या कानाचेच काम.

गाण्यामागे ऐकू येणारे समूहस्वरही याच दोघांचे. चार वेगवेगळ्या पट्ट्यांतले स्वर प्रत्येकी तीन वेळा ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचायचे, म्हणजे दोन माणसांतून बारा आवाज उभे राहतात. ही सारी रचना रिचर्डची आणि तिचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. ‘सुपरस्टार’ या गाण्यात मात्र जो मुख्य आवाज आपण ऐकतो, तो कॅरनचा पहिलाच प्रयत्न होता. वादकांना अंदाज यावा म्हणून कागदी रुमालावर खरडलेले शब्द पाहत तिने गायलेला. पुन्हा गाऊन पाहिले, पण पहिलाच ठेवावा लागला.

समीक्षकांना हे सगळे फार गुळगुळीत वाटे. रॉकच्या बंडखोर काळात या भावंडांचे नीटनेटके कपडे, हसरे चेहरे आणि मे १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यापुढे व्हाइट हाऊसमध्ये झालेला कार्यक्रम, यांनी त्यांच्यावर ‘सोज्वळ’पणाचा शिक्काच मारला. १९७२ च्या ‘गुडबाय टू लव्ह’मध्ये टोनी पेलुसोची करकरीत इलेक्ट्रिक गिटार वाजली, तर चाहत्यांनीच रागाची पत्रे धाडली. अमेरिकी यादीत तीन गाणी पहिल्या आणि पाच गाणी दुसऱ्या क्रमांकावर गेली. टीकेचा विक्रीवर काडीचाही परिणाम झाला नाही.

तिला ड्रमपासून दूर का केले गेले?

कारण व्यवहाराचे होते. उंची पाच फूट चार इंच, पुढ्यात ड्रमचा डोलारा. प्रेक्षक जिचा आवाज ऐकायला येत, ती त्यांना दिसतच नसे. कंपनी, व्यवस्थापक आणि रिचर्ड सर्वांचे एकच म्हणणे : तिने पुढे येऊन उभे राहावे. तिने पुष्कळ विरोध केला. मग तडजोड झाली. संथ गाणी पुढे उभी राहून, बाकीची ड्रमवर. पुढे मंचावर दुसरा ड्रमवादक आला आणि कॅरनच्या वाट्याला कार्यक्रमातला एखादा खास ड्रमचा तुकडा उरला. स्टुडिओत तर बहुतेक गाजलेल्या गाण्यांवर हॅल ब्लेन या निष्णात वादकाचा ठेका होता. तरीही १९७५ मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकाच्या वाचकांनी सर्वोत्तम रॉक ड्रमवादक म्हणून कॅरनला निवडले, लेड झेपेलिनच्या जॉन बोनमला मागे टाकून! निकालावर वाद होऊ शकतो. १९७६ च्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात एका ड्रमकडून दुसऱ्याकडे धावत वाजवणारी कॅरन ज्यांनी पाहिली आहे, ते फारसा घालणार नाहीत. इतकी मोकळी ती माइकपुढे क्वचितच दिसते.

ड्रममागे बसलेल्या मुलीचे हात पाहिले जातात. झगझगीत प्रकाशात, लांब झग्यात उभ्या असलेल्या गायिकेचे सगळेच पाहिले जाते. यामुळेच आजार झाला असे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. अ‍ॅनोरेक्सिया एका कारणाने होत नाही. मात्र शरीर सतत नजरेखाली असण्याचा व्यवसाय आणि आयुष्यातले बहुतेक निर्णय इतरांनी घेण्याची सवय, या दोन्हींचा भार तिच्यावर होता.

आजार कधी दिसू लागला?

शाळा संपताना तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने वजन कमी केले होते. त्यात काही वावगे नव्हते. १९७३ च्या सुमारास तिने पुन्हा आहार कमी करायला सुरुवात केली आणि या वेळी ती थांबली नाही. वर्षाला शंभरावर कार्यक्रम, मधल्या दिवसांत ध्वनिमुद्रण, आणि ताटातले अन्न इतरांना वाढून टाकण्याच्या युक्त्या. १९७५ च्या शरद ऋतूत लास व्हेगासमध्ये ती मंचावरच कोसळली. तिकिटे हातोहात खपलेला ब्रिटनचा दौरा आणि पाठोपाठचा जपान दौरा रद्द करावा लागला. वृत्तपत्रांनी थकवा असे कारण छापले.

या आजाराचे नाव फसवे आहे. ग्रीक मुळानुसार त्याचा अर्थ भूक नसणे. प्रत्यक्षात रुग्णाला भूक लागते, ती दाबली जाते. वजन वाढण्याची भीती इतकी खोल असते की आरशातला हाडांचा सापळाही जाड वाटतो. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्येच हे नाव दिले होते, पण शंभर वर्षांनंतरही विशेषज्ञांपलीकडे ते फारसे कोणाला ठाऊक नव्हते. कार्पेंटरांच्या घरात उपाय एकच सुचे : जेव म्हणून मागे लागायचे. शरीराची उपासमार लांबली की ते स्नायू खाऊ लागते आणि हृदय हाही स्नायूच. पोटॅशियमसारखे क्षार घसरले की हृदयाचे ठोके चुकू लागतात. बाहेरून माणूस हिंडता-फिरता दिसतो.

एकल अल्बमचे काय झाले?

रिचर्डचीही वेगळी लढाई चालू होती. झोपेच्या गोळ्यांचे व्यसन सोडवण्यासाठी १९७९ च्या सुरुवातीला तो कॅन्ससमध्ये उपचाराला दाखल झाला आणि वर्षभर काम थांबले. कॅरनने तेवढ्यात न्यूयॉर्क गाठले. बिली जोएलचे निर्माते फिल रमोन यांच्यासोबत तिने स्वतःचा अल्बम सुरू केला. गाणी थोडी डिस्कोकडे झुकणारी, शब्द प्रौढ, आणि आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत. भावाशिवाय घेतलेला हा तिचा पहिला मोठा निर्णय. त्यात तिचे स्वतःचे सुमारे चार लाख डॉलर गेले.

१९८० मध्ये अल्बम कंपनीच्या प्रमुखांना आणि रिचर्डला ऐकवला गेला. कोणालाच तो आवडला नाही. त्यांचे मत अगदीच निराधार नव्हते, काही गाणी खरोखर फिकी आहेत. पण फिके अल्बम रोज निघतात. हा निघाला नाही. तो गुंडाळून ठेवायला कॅरनने संमती दिली आणि ती पुन्हा भावासोबतच्या कामाला लागली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातील एकाशी लग्न केले. पुढच्या वर्षी दोघे वेगळे झाले.

उपचार झालेच नाहीत का?

झाले, पण उशिरा. १९८२ मध्ये ती पुन्हा न्यूयॉर्कला गेली, या वेळी मानसोपचारतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हनक्रॉन यांच्याकडे. अ‍ॅनोरेक्सियावर तेव्हा लिहिणाऱ्या मोजक्यांपैकी ते एक. उपचार चालू असतानाही जुलाबाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्यांचा गैरवापर सुटला नव्हता. सप्टेंबरमध्ये लेनॉक्स हिल रुग्णालयात शिरेतून पोषण द्यावे लागले. वजन वाढले, पण आधीच दमलेल्या हृदयावरचा भारही वाढला. नोव्हेंबरमध्ये बरी झाल्याचे सांगत ती कॅलिफोर्नियाला परतली. जानेवारी १९८३ मध्ये माजी ग्रॅमीविजेत्यांच्या छायाचित्रासाठी ती आली, तेव्हा पाहणाऱ्यांना ती सुधारलेली वाटली.

४ फेब्रुवारीच्या सकाळी डाउनी येथील आईवडिलांच्या घरी ती कपड्यांच्या खोलीत निपचित पडलेली आढळली. घटस्फोटाच्या कागदपत्रांवर ती त्याच दिवशी सही करणार होती. रुग्णालयात तिला मृत घोषित करण्यात आले. महिनाभराने आलेल्या शवचिकित्सा अहवालात अ‍ॅनोरेक्सिया आणि त्यातून ‘एमेटीन’ या द्रव्याची हृदयाला झालेली बाधा असे कारण दिले गेले. हे द्रव्य इपेकॅक नावाच्या औषधात असते. विषबाधा झाल्यास उलटी व्हावी म्हणून अमेरिकी घरांत ते सर्रास ठेवले जाई, चिठ्ठीविना मिळे. वारंवार घेतल्यास ते हृदयाच्या स्नायूत साठत जाते. कॅरनने ते घेतले होते, हे तिच्या कुटुंबाने मान्य केले नाही. पुढे २००३ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हे औषध घरात ठेवू नये असा सल्ला दिला.

तिच्यानंतर काय उरले?

बातमीनंतर अनेक घरांना आपल्या मुलीला काय होते आहे, याचे नाव सापडले. या आजाराच्या संशोधनासाठी कुटुंबाने तिच्या नावे प्रतिष्ठान काढले. १९८७ मध्ये टॉड हेन्स या तरुण दिग्दर्शकाने बार्बी बाहुल्या वापरून तिच्यावर लघुपट केला. गाण्यांचे हक्क न घेतल्याने तो न्यायालयीन वादानंतर प्रदर्शनातून बाद झाला. जपानमध्ये १९९५ च्या एका दूरचित्रवाणी मालिकेने तिची गाणी नव्या पिढीपर्यंत नेली.

रिचर्डने उरलेली ध्वनिमुद्रणे एकेक करून बाहेर काढली. एप्रिल १९८२ मध्ये, न्यूयॉर्कच्या उपचारांदरम्यान घरी आलेली असताना, तिने ‘नाऊ’ हे शेवटचे गाणे गायले. तिचा आवाज त्यातही शाबूत आहे. फिल रमोनसोबतचा तो अल्बम १९९६ मध्ये निघाला, त्यावर फक्त तिचेच नाव होते.